भीतीचे माप आणि धोक्याचे माप

मुखमैथुनातून एचआयव्ही होतो का, हा प्रश्न आपल्याकडे कुणी मोठ्या आवाजात विचारत नाही. तो मोबाइलवर रात्री एकट्याने शोधला जातो, नाहीतर मेडिकल दुकानात गिऱ्हाईक नसताना हळूच विचारला जातो. उत्तरेही दोनच प्रकारची मिळतात. एक म्हणते, काही होत नाही, बिनधास्त राहा. दुसरे म्हणते, गेलास तू, आता तौबा कर. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत आणि दोन्हींनी माणसांचे नुकसान केले आहे.

मी उर्दू आणि मराठीचा शिक्षक. न्हावा शेव्याच्या परिसरात राहतो, डॉक्टर नाही. तरीही हा विषय घेतो आहे, कारण एचआयव्हीचा आपल्या भागातला इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. या आजारात लोकांनी जिथे धोका जवळजवळ नव्हता तिथे प्रचंड भीती बाळगली आणि जिथे खरा धोका होता तिथे डोळे मिटून घेतले. भीतीचे माप आणि धोक्याचे माप कधी जुळलेच नाही. त्याची किंमत मोजली ती बहुतेक वेळा ज्यांचा काही दोष नव्हता अशांनी.

प्रश्न विचारणे हाच गुन्हा

सुरुवात एड्सच्याही आधीपासून करावी लागेल. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते त्यांनी चालवले. शरीर, संभोग, गुप्तरोग यांवर वाचक पत्रे पाठवत आणि कर्वे छापील उत्तरे देत. १९३४ साली अशाच काही उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही आणि लोक प्रश्न विचारत असतील तर जाणकाराने उत्तर का देऊ नये, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

त्या काळात दोनशे रुपये ही लहान रक्कम नव्हती. पण समाजाने भरलेला दंड त्याहून मोठा होता. अशा प्रश्नांना खुले उत्तर देणे धोक्याचे आहे, हा धडा मराठी माणसाने गिरवून ठेवला. पुढे २००७ साली शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम अनेक राज्यांनी रोखला, त्यात महाराष्ट्रही होता. तो कार्यक्रम आखण्यामागचे एक मोठे कारण एचआयव्ही हेच होते. पुस्तकातला प्रजननाचा धडा वर्गात कसा उरकला जातो, हे माझ्या पेशातल्या कुणालाही सांगायला नको. 'घरी वाचा' असे सांगून पुढचा धडा उघडला जातो. घरी कोण वाचणार आणि कुणाला विचारणार?

आपल्या मुस्लिम समाजात याला हयेचे, म्हणजे लाजेचे कारण दिले जाते. पण हदीसच्या ग्रंथांत उम्म सुलैम यांचा प्रसंग नोंदलेला आहे. स्त्रीच्या स्वप्नावस्थेबद्दलचा, आजही अनेकांना उच्चारायला जड जाईल असा प्रश्न त्यांनी थेट पैगंबरांना विचारला. अल्लाह सत्याच्या बाबतीत लाजत नाही, असे म्हणूनच त्यांनी सुरुवात केली होती. त्यांना कुणी गप्प केले नाही, उत्तर मिळाले. हया महत्त्वाची आहेच, पण तिने ज्ञानाचा दरवाजा बंद करावा अशी शिकवण आपल्या परंपरेत नाही.

चेन्नईतल्या गायतोंडे

भारतात एचआयव्हीचा पहिला पुरावा १९८६ साली मद्रासमध्ये सापडला. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी प्रबंधासाठी रक्ताचे नमुने गोळा केले. त्यांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचेही नमुने होते. ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासले तेव्हा सहा बाधित निघाले. तोवर देशात सर्वसाधारण समज असा होता की हा अमेरिकेतला, पाश्चात्त्य जीवनशैलीचा आजार आहे आणि आपली कुटुंबव्यवस्था आपल्याला वाचवेल.

सुनीतीबाईंनी पुढे १९९३ मध्ये वडिलांच्या, वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने चेन्नईत एचआयव्हीचे उपचार आणि संशोधन केंद्र काढले. २०१५ मध्ये त्या वारल्या. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांच्या केंद्राचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

१९८९ : एक बंदर, एक कोठडी

न्हावा शेव्याचे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. न्हावा आणि शेवा ही मुळात मासेमारी, मिठागरे आणि भातशेतीवर जगणारी गावे. या पट्ट्यातल्या जमिनींसाठी १९८४ च्या जानेवारीत जासईला गोळीबार झाला होता आणि पाच जणांनी प्राण दिले होते. बंदर आले तसे शेवा गाव उठले आणि देशभरातून ट्रक-ट्रेलर येऊ लागले. करळ फाटा, दास्तान फाटा, गव्हाण फाटा ही नावे पंजाबपासून तमिळनाडूपर्यंतच्या चालकांना पाठ झाली.

त्याच वर्षी, म्हणजे १९८९ च्या फेब्रुवारीत, गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला पोलिसांनी घरून नेले. त्याने गुन्हा केला नव्हता. उलट तो नियमित रक्तदान करणारा होता आणि त्या रक्ताच्या तपासणीतच एचआयव्ही सापडला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तीला अलग ठेवण्याची तरतूद होती. म्हापशाला क्षयरोग्यांसाठीच्या जुन्या इमारतीत त्याला ६४ दिवस पहाऱ्यात एकटे ठेवले गेले. त्याची आई लुसी डिसोझा न्यायालयात गेली आणि आनंद ग्रोव्हर यांनी तिची बाजू लढवली. डॉमिनिक बाहेर आला, पण त्या वर्षाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातल्या खंडपीठाने कायदा वैध ठरवला. नंतर डॉमिनिकने बाधितांसाठी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. 'माय ब्रदर निखिल' हा २००५ चा हिंदी चित्रपट त्याच्याच आयुष्यावरून सुचलेला.

इथे एक तारीख लक्षात घ्यायला हवी. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८३ च्या सप्टेंबरमध्येच हा आजार कोणत्या मार्गांनी पसरतो ते सांगितले होते. सहवास, अन्न, पाणी, हवा यांतून तो पसरत नाही हेही स्पष्ट केले होते. म्हणजे डॉमिनिकला कोंडले तेव्हा त्याच्यापासून शेजाऱ्याला धोका नाही, ही माहिती पाच वर्षांहून जुनी होती. ज्ञान उपलब्ध होते, पण कायदा करणाऱ्यांच्या मनात भीती आधी पोहोचली होती. १९८९ मध्येच राज्यसभेत एड्स प्रतिबंधक विधेयक मांडले गेले. त्यातही सक्तीचाच सूर होता. विरोध झाल्यावर १९९२ मध्ये ते मागे घ्यावे लागले.

न्यायालयाने विचारलेला प्रश्न

आठ वर्षांनी, १९९७ साली, मुंबई उच्च न्यायालयाने वेगळी वाट धरली. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका महामंडळात हंगामी मजूर म्हणून काम करणाऱ्या माणसाला तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून कामावरून कमी केले गेले. तो शरीराने धडधाकट होता. त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून न्यायालयाने त्याला 'एमएक्स' आणि महामंडळाला 'झेडवाय' अशी अक्षरे दिली. निकालाचे सार असे की, माणूस काम करायला सक्षम असेल आणि कामाच्या ठिकाणी इतरांना त्याच्यापासून लक्षणीय धोका नसेल, तर केवळ बाधा आहे म्हणून त्याची रोजी काढून घेता येणार नाही.

'लक्षणीय धोका' या दोन शब्दांनी फार मोठा फरक पडला. त्याला एचआयव्ही आहे का, एवढे विचारून न्यायालय थांबले नाही. त्याच्यापासून नेमका कुणाला, कशातून, किती धोका आहे, हे त्याने पाहिले. 'किती' हा शब्द चर्चेत आला की भीतीला हिशोब द्यावा लागतो. पुढे २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा आला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, शिक्षण, उपचार यांत भेदभाव करायला त्याने मनाई केली आणि संमतीशिवाय कुणाची तपासणी करणे किंवा बाधा उघड करणे यांवरही बंधन घातले.

मग मुखमैथुनात धोका किती?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा धोका मोजणे शास्त्रज्ञांनाही सोपे गेले नाही. कारण साधे आहे. फक्त मुखमैथुन करणारी आणि दुसऱ्या कोणत्याही प्रकारे संबंध न ठेवणारी माणसे थोडी. बाधा झालीच तर ती नेमकी कशातून झाली, हे ठरवणे कठीण. त्यात माणसे लाजेपोटी खरे सांगतीलच असे नाही.

२००० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वैद्यकीय परिषदेत तिथल्याच संशोधकांनी सांगितले की नुकतीच बाधा झालेल्या १०२ पुरुषांपैकी ८ जणांना ती बहुधा मुखमैथुनातून झाली असावी. जगभर मथळे झाले. पण दोनच वर्षांनी, २००२ मध्ये, त्याच शहरातले दुसरे संशोधन आले. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या आणि आधीच्या सहा महिन्यांत फक्त मुखमैथुनच केलेल्या २३९ पुरुषांमध्ये एकही बाधित आढळला नाही. त्याच वर्षी स्पेनमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीदार बाधित आहे पण स्वतः बाधित नाहीत अशा १३५ जणांचा दहा वर्षे मागोवा घेतला गेला होता. त्या काळात १९ हजारांहून अधिक वेळा निरोधशिवाय मुखमैथुन झाले आणि त्यातून एकालाही बाधा झाली नाही.

शून्य आले म्हणजे धोका शून्य, असे मात्र नसते. सांख्यिकीत एक सोपा ठोकताळा आहे. इतक्या वेळा होऊनही घटना एकदाही घडली नसेल, तर तीनला त्या संख्येने भागावे. खरा धोका फार तर तेवढा असण्याची शक्यता. तीन भागिले १९ हजार म्हणजे दहा हजारांत साधारण दीड. हे वरचे टोक झाले, खरा आकडा त्याहून बराच कमी असू शकतो. म्हणूनच अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र इतर प्रकारांसाठी आकडे देते, पण मुखमैथुनापुढे आकडा न लिहिता 'कमी' एवढेच लिहिते.

ते इतर आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. जोडीदार बाधित असेल, त्याचे औषधोपचार चालू नसतील आणि निरोध वापरला नसेल, तर दर दहा हजार वेळांमागे बाधेची अंदाजे शक्यता अशी : गुदमैथुनात स्वीकारणाऱ्याला १३८, योनीमार्गातून संबंधात स्त्रीला ८ आणि पुरुषाला ४. एकमेकांची सुई वापरून नशा करण्यात ६३. बाधित रक्त चढवले गेले तर ९,२५०.

मुखात धोका इतका कमी का? लाळेतून हा विषाणू पसरत नाही. उलट लाळेत त्याला अडवणारी प्रथिने असतात आणि विषाणू वाहून आणणाऱ्या पेशी लाळेच्या पातळपणामुळे फुटतात. तोंडाचे अस्तर जाड असते. जे गिळले जाते ते जठरातल्या आम्लात जाते. म्हणून चुंबन, उष्टा पेला, एका ताटात जेवणे यांतून एचआयव्ही होत नाही.

पण ही तटबंदी तोंड निरोगी असेल तेव्हाची. हिरड्यांतून रक्त येत असेल, तोंडात फोड किंवा जखम असेल, वीर्य तोंडात आले, जोडीदाराच्या रक्तात विषाणूंचे प्रमाण जास्त असेल किंवा दोघांपैकी एकाला दुसरा गुप्तरोग असेल, तर धोका वाढू शकतो. आपल्या भागात हा मुद्दा पुस्तकी नाही. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, तरी गुटखा, मावा, मिश्री सोडलेले तोंड किती घरांत सापडेल? गुटख्याने सोललेले गाल आणि सुजलेल्या हिरड्या घेऊन वावरणाऱ्यांनी 'तोंडातून काही होत नाही' या वाक्यावर विसंबू नये.

आणि एक गोष्ट, जी या चर्चेत नेहमी सुटते. एचआयव्हीचा धोका कमी असला तरी सिफिलिस म्हणजे गरमी, गोनोरिया म्हणजे परमा, नागीण वर्गातला हर्पीस आणि घशाच्या कर्करोगाशी संबंध असलेला एचपीव्ही हे सारे मुखमैथुनातून सहज पसरू शकतात. निरोधचा उपयोग इथेही आहे.

धर्माचा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी एवढेच. पती-पत्नीमध्ये मुखमैथुन चालते की नाही, यावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत. ज्याला विचारायचे त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण हलाल-हरामचा प्रश्न आणि विषाणू कसा जातो हा प्रश्न, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. निकाह झाला आहे हे विषाणूला कळत नाही.

आठ हा आकडा आणि पुण्याच्या स्त्रिया

वरच्या यादीतला स्त्रीसाठीचा ८ हा आकडा वाचून कुणी म्हणेल, दहा हजारांत आठ म्हणजे काहीच नाही. मी भाषेचा शिक्षक असलो तरी इथे थोडे गणित करावेच लागेल. नवरा बाधित आहे, त्याला ते ठाऊक नाही, उपचार नाहीत. वर्षाला शंभर वेळा संबंध आला आणि दर वेळचा धोका सारखाच धरला, तर वर्षभरात पत्नीला बाधा होण्याची शक्यता शंभरात सुमारे ८. दहा वर्षांत ती निम्म्याहून पुढे जाते. एकेका थेंबाने तळे साचते ते असे.

हे कागदावरचे गणित नाही. १९९२ साली पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. कोविडच्या दिवसांत टीव्हीवर दिसणारे डॉ. रमण गंगाखेडकर यांनी आयुष्याचा मोठा काळ एचआयव्हीवर काम केले. त्यांच्या गटाने पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला आणि तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. एकाच पुरुषाशी, म्हणजे आपल्या नवऱ्याशीच संबंध असलेल्या विवाहित स्त्रियांमध्येही बाधा पसरते आहे, हे त्याने जगापुढे मांडले. त्या स्त्रियांच्या बाबतीत धोक्याचे एकमेव कारण त्यांचे लग्न होते. उष्ट्या पेल्याला घाबरणारा समाज या शय्येला मात्र कधी घाबरला नाही.

पुण्यातलाच आणखी एक अभ्यास आपल्या समाजाशी थेट संबंधित आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या २,२९८ पुरुषांची पाहणी होती. खतना झालेल्यांमध्ये एचआयव्हीचा धोका बराच कमी आढळला. पुढे आफ्रिकेतल्या तीन मोठ्या चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणारी बाधा सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हे सांगताना आपल्याकडे मान ताठ होते. पण त्याच पुण्याच्या अभ्यासात गरमी, हर्पीस, परमा यांपासून मात्र खतन्याने संरक्षण दिसले नाही. साठ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे. शिवाय ते संरक्षण पुरुषाचे आहे. बाधित नवऱ्याचा खतना झालेला आहे म्हणून त्याची बायको वाचत नाही. 'आपल्यात हा आजार नसतो' असे चारचौघांत बोलणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

ट्रकवाल्यांचे काय?

न्हावा शेव्यात एचआयव्हीचा विषय निघाला की बोट लगेच ट्रकचालकांकडे जाते. सरकारी कार्यक्रमातही लांब पल्ल्याचे चालक आणि स्थलांतरित मजूर यांना 'दुवा' मानले गेले, म्हणजे जास्त जोखमीच्या गटातून घराघरांपर्यंत बाधा नेणारा पूल. त्यातून महामार्गांवर दवाखाने झाले, निरोध पोहोचले आणि तपासण्या सुरू झाल्या. २००३ पासून 'आवाहन' या मोठ्या कार्यक्रमात महाराष्ट्रही होता. या कामाने खरोखर जीव वाचले.

पण भिंतीवरच्या चित्रातला ट्रक लोकांच्या डोक्यात वेगळा बसला. धोका विशिष्ट कृतीत असतो, धंद्यात नसतो. बंदराच्या फाटकाबाहेर गाडीतच रात्र काढणारा, आठवडे घर न पाहणारा चालक जोखमीत पडू शकतो, कारण त्याचे जगणे तसे आहे. तसाच गावातला, पाच वेळा मशिदीत दिसणारा किंवा एकादशी न चुकवणारा माणूसही पडू शकतो. फरक एवढाच की चालकाला निदान कुणीतरी येऊन विचारले. गावातल्या माणसाला कुणी विचारत नाही आणि तो स्वतः तर सांगतच नाही.

अशीच भीती मय्यतीच्या वेळी दिसते. या आजाराने गेलेल्याला गुस्ल द्यायला माणसे मागेपुढे झाल्याच्या हकिकती कोकणच्या मोहल्ल्यांत ऐकायला मिळतात. हातमोजे घालावेत, जखम असेल तर ती झाकावी. तेवढी काळजी कोणत्याही मय्यतीला घ्यावी. आंघोळ घालण्याने एचआयव्ही होत नाही. मेलेल्या मुसलमानाचा जिवंतांवर असलेला शेवटचा हक्क अज्ञानामुळे नाकारला जाऊ नये.

औषधाने बदललेला हिशोब

१ एप्रिल २००४ पासून सरकारने एचआयव्हीची औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. आज देशात सुमारे २५ लाख लोक या विषाणूसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. औषधे वेळेवर घेणारा माणूस जवळजवळ इतरांइतकेच आयुष्य जगू शकतो.

त्याहून मोठी गोष्ट २०११ साली कळली. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या एका अभ्यासात पुण्याची राष्ट्रीय संस्था होती आणि चेन्नईचे सुनीती गायतोंडे-सॉलोमन यांचे केंद्रही होते. बाधित जोडीदाराला औषध लवकर सुरू केले तर दुसऱ्याला बाधा होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. नंतरच्या संशोधनाने आणखी पुढचे दाखवून दिले. रक्तातले विषाणू औषधाने तपासणीत न दिसण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून बाधा होत नाही. मुखमैथुनातूनही नाही, योनीमार्गातूनही नाही. म्हणजे वर दिलेले लैंगिक संबंधांचे सगळे आकडे, तपासणी आणि उपचार झाल्यावर, शून्यावर आणता येतात. डॉमिनिकच्या पिढीला हे सुख मिळाले नाही.

म्हणून ज्याला शंका आहे त्याने काय करावे, ते सरळ सांगतो. जास्त जोखमीचा संबंध आला असेल तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, सरकारी रुग्णालयात जावे. २८ दिवसांच्या गोळ्यांनी बाधा टाळता येऊ शकते. फक्त मुखमैथुन झाले असेल तर बहुतेक वेळा त्यांची गरज पडत नाही, पण ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. तपासणी सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत मोफत होते आणि गुप्त राहते. आधुनिक तपासणी दीड महिन्यानंतर आणि साधी तपासणी तीन महिन्यांनंतर केली की उत्तरावर भरवसा ठेवता येतो. प्रत्यक्ष जायला लाज वाटत असेल तर १०९७ हा मोफत दूरध्वनी आहे, तिथे नाव विचारले जात नाही. तपासणी निर्दोष आल्यावरही वर्षानुवर्षे इंटरनेटवर लक्षणे शोधत बसणारी मुले असतात. त्यांनाही कुणीतरी सांगायला हवे की, बाबा, हिशोब संपला, आता झोप.

कर्व्यांना दंड झाला त्याला नव्वद वर्षे उलटली. प्रश्न तेच आहेत. वाचकांना विनंती एवढीच की पुढच्या वेळी एखाद्या तरुणाने चाचरत असे काही विचारले, तर त्याच्या चारित्र्याची चौकशी नंतर करा. आधी त्याला आकडा सांगा.